न आवडलेली पुस्तकं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही सुनेने आणून दिली. म्हणाली, "आई, पुस्तकांबद्दल तुम्ही दिवसभर जे बोलता ना, ते यात लिहीत जा. तेवढीच माझ्या कानांना सुट्टी." तिच्या कानांची काळजी म्हणून लिहितेय, हौस म्हणून नाही.

पाय मोडायच्या आधी मी वर्षातून एखादं पुस्तक वाचत असेन, तेही कुणी भेट दिलं तर. वेळ कुठे होता? हे गेल्यापासून ड्रायव्हिंग स्कूल एकटीने चालवतेय. या शहरातले निम्मे लोक माझा ओरडा खाऊन गाडी शिकलेत. आणि शेवटी माझ्याच विद्यार्थ्याने मला आडवं केलं. बँकेतले गृहस्थ, गाडी मागे घेऊन लावायला शिकत होते. मी मागे उभी राहून हाताने दाखवत होते, या, या, या, थांबा. त्यांना 'या' ऐकू आलं, 'थांबा' नाही. नडगीची दोन्ही हाडं गेली. आत पट्टी आणि स्क्रू, बाहेर प्लास्टर. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून मुलाच्या घरी येऊन पडलेय. चिरंजीव पुलाच्या कामावर दुसऱ्या शहरात असतात. शनिवारी येतात, रविवारी जातात. म्हणजे उरलो मी आणि सून.

सून एका कॉमिक्सच्या प्रकाशकाकडे नोकरीला आहे. चित्रं कुणी वेगळंच काढतं, गोष्ट कुणी तिसराच लिहितो, ही फक्त पात्रांच्या डोक्यावरच्या फुग्यांत शब्द बसवते. सध्या घरूनच, जेवणाच्या टेबलावर. मी म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे म्हणून पगार मिळतो होय? हसली नाही. तिला विनोद कळत नाहीत.

आज वाचलं ते तिच्याकडचंच एक कॉमिक. नायक घट्ट कपडे घालून जग वाचवतो. वाचवू दे. पण गाडीचा पाठलाग आहे त्यात, त्या पानांवर माझं डोकंच उठलं. नायक इतक्या वेगात गाडी हाणतोय आणि बघतोय कुठे, तर शेजारच्या बाईच्या डोळ्यांत. रस्त्याकडे एकदाही नजर नाही. आरसा नाही, इंडिकेटर नाही, दोघांनीही पट्टा लावलेला नाही. असा माणूस जग काय वाचवणार? तो पहिल्या वळणावर पानवाल्याच्या टपरीत जाईल. नापास.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जाडजूड कादंबरी. पाठीमागे छापलंय, 'अंतर्मुख करणारी'. एक बाई खिडकीत उभी आहे. बाहेर बघते. पन्नासाव्या पानावर अजून बघतेच आहे. मग तिला आईची आठवण येते, मग झाडाची, मग आई झाडाखाली उभी असल्याची. मी सुनेला विचारलं, "ही खिडकीतून हलते कधी?"

"मनाने हलते, आई."

"मग पायाने मोडकी असेल माझ्यासारखी."

त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला काहीतरी घडलेलंच लागतं." अहो, मग काय न घडलेलं वाचायचं? पुस्तक परत दिलं. तिने ते घेतलं आणि छातीशी धरून आत गेली. जसं काही मी त्या कादंबरीच्या कानाखाली वाजवली.

चहा आजही पाणचट.

९ फेब्रुवारी, रविवार

काल चिरंजीव आले. वाळलाय. पाठ धरलीय म्हणे, म्हणून रात्री हॉलमध्ये जमिनीवर झोपला. पलंगाची गादी फार मऊ आहे. मी म्हटलं, सुनेला सांग गादी बदलायला, एवढं कळू नये? तो म्हणाला, "जाऊ दे ना आई."

सूनबाईंचं वागणं मात्र लिहून ठेवण्यासारखं. नवरा आठवड्याने घरी आलाय, आणि ही पिशवी घेऊन बाजारात. सकाळी गेली ती तो निघायच्या वेळेला उगवली. आणलं काय, तर एक लिंबू. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, पहिल्यापासून ही घरात पाहुण्यासारखी वावरते. बिचारा. जाताना थंडीचे कपडे आणि कपाटातले चांगले बूट घेऊन गेला. तिकडे वारा फार असतो नदीवर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिने दिलेल्या कॉमिकमध्ये एकही शब्द नाही. एक म्हातारा आणि एक मांजर. म्हातारा उठतो, मांजराला दूध देतो, खुर्चीत बसतो. पुढे मांजर म्हातारं होतं. मग एक दिवस म्हातारा दूध ओततो आणि वाटी तशीच राहते. संपलं.

मी विचारलं, "यात शब्दच नाहीत, मग तू काय केलंस?"

"काही नाही. मला आवडतं म्हणून आणलं."

फसवणूक आहे. अर्ध्या तासात संपतं असलं पुस्तक. दुसऱ्यांदा बघायला जरा जास्त वेळ लागला, कारण आधी वाटीकडे लक्ष गेलं नव्हतं. पहिल्या पानापासून वाटीचा काठ एका बाजूने फुटलेला काढलाय. कुणाला दिसणार आहे ते? उगाच मेहनत.

पुस्तक अजून माझ्याच उशाशी आहे. ती मागत नाही, मी देत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

'पहाटे उठा आणि आयुष्य बदला' छापाचं एक पुस्तक. लेखक फोटोत हाताची घडी घालून उभे. मी आयुष्यभर पहाटे उठले, पहिली शिकवणी उजाडायच्या आत असायची. बदललं काही नाही. फक्त दुपारी झोप येते. फेकलं. दाराला लागलं. सून धावत आली, तिला वाटलं मी पडले. पडले नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. रागावली का हायसं वाटलं, कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही. फुगे दुसऱ्यांचे भरते, स्वतःचा रिकामा.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. हल्ली गाडीत असतानाच करतो. बोलताना मागे टिंग टिंग टिंग वाजत होतं. मी म्हटलं, "पट्टा लाव आधी."

"लावलाय आई."

"मग ते वाजतंय कशाला?"

"अं... काहीतरी बिघाड आहे."

मग एकदम वाजायचं थांबलं. मी सांगितलं, सेन्सर दाखवून घे, आज पट्ट्याचा आहे, उद्या ब्रेकचा जाईल. हो हो म्हणाला. या शनिवारी जमणार नाही म्हणे, स्लॅब टाकायचाय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्लास्टर निघालं. पाय बघून मलाच शिसारी आली, वाळका, पांढरा, दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. फिजिओ म्हणून एक मुलगी येते, गोड बोलून हाल करते.

रहस्यकथा वाचली. खुनी कोण ते मी तिसऱ्या प्रकरणात ओळखलं. डॉक्टर. कारण तो एकटाच सगळ्यांशी नीट वागत होता. खात्री करायला शेवट बघायला गेले, तर शेवटची पानं स्टेपल केलेली! "हे काय?" तर म्हणे, "तुम्ही आधी शेवट वाचता, मग म्हणता पुस्तक फालतू. या वेळी सरळ वाचा." मला! मी कुणाला गाडी शिकवताना ब्रेक बांधून ठेवला होता का? रागाने सरळ वाचलं. खुनी डॉक्टरच. तिला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "पण मजा आली की नाही?" लेखकाची भाषा बरी होती, एवढंच लिहिते.

केस फार खाजतायत. शनिवारी धुऊन देते म्हणालीय. मागच्या वेळी पाणी कढत होतं. सांगितल्यावर म्हणते, "तुम्हाला गार वाटेल म्हणून." प्रत्येक गोष्टीला हिच्याकडे उत्तर.

५ मार्च, बुधवार

आजचं कॉमिक सगळ्यात वाईट. चित्रं काढणाऱ्या बाईने स्वतःचीच गोष्ट काढलीय. नवरा हळूहळू घरी येईनासा होतो, त्याची गोष्ट. गंमत म्हणजे नवऱ्याचा चेहरा कुठेच नाही. कुठे पाठ, कुठे बूट, कुठे दाराच्या कडीवर हात. आणि बाईचा चेहरा मात्र पानभर, प्रत्येक पानावर, ओढलेला. मला त्या माणसाचीच कीव आली. त्याचं काहीतरी म्हणणं असेल की. पण फुगा द्यायला नको त्याला? एकतर्फी खटला. असली पुस्तकं छापतात कशाला?

सुनेला विचारलं, "याचे फुगे तू भरलेस?"

"हो."

"मग त्याला एखादं वाक्य द्यायचंस."

"तो बोलतच नाही आई. तीच तर गोष्ट आहे."

८ मार्च, शनिवार

आज जे झालं ते झालं तसंच लिहिते.

सकाळी चिरंजीवांचा फोन, येत नाही. या महिन्यात असंच होणार म्हणे. मग सुनेने केस धुवायला घेतले. पलंगाच्या कडेवरून डोकं मागे सोडायचं, खाली टब, ती स्टुलावर बसून मगाने पाणी घालते. शाम्पू लावून झाला होता. माझे डोळे मिटलेले. गप्प बसायचा कंटाळा आला म्हणून मी त्या कॉमिकचा विषय काढला.

"मला अजून पटत नाहीये. नवरा घरी येईनासा होतो, तो काय उगाच? बाई पहिल्या पानापासून तोंड पाडून बसलीय. अशा घरात कोण परत येईल?"

पाणी थांबलं.

"कोण येईल?" ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

"तुमचा मुलगा येत नाहीये, आई."

"त्याला काम आहे. सकाळीच फोन—"

"पुलाचं काम मागच्या वर्षीच संपलं. तो तिकडे एका बाईबरोबर राहतो. तिला एक लहान मुलगी आहे. त्याने मला सांगितलं, वेगळं व्हायचंय. त्याच आठवड्यात तुमचा पाय मोडला. मग म्हणाला, आई चालायला लागेपर्यंत थांबू या, तिला आत्ता हे झेपणार नाही."

मी डोळे उघडले आणि शाम्पू आत गेला. काही दिसेना. उठताही येईना, मान खाली लोंबकळतेय, केसांत तिची बोटं. मी ओरडले, "पाणी घाल!" तिने घातलं. डोळे धुतले, केस धुतले, शेवटचा फेस जाईपर्यंत. टॉवेलने डोकं पुसलं, नेहमीसारखंच, ना जोरात ना हळू. मग टब घेऊन गेली.



९ मार्च, रविवार

खोटं बोलत असेल असं रात्रीपर्यंत वाटत होतं. मग वाटलं, खरं असेल तर माझ्यापासून लपवायची हिंमत कशी झाली हिची? मी काय लहान आहे?

सकाळी गोळ्या द्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "तुझंच काहीतरी चुकलं असणार."

ती म्हणाली, "असेल." पाण्याचा पेला हातात दिला, मी गोळ्या गिळेपर्यंत उभी राहिली आणि गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. त्या 'असेल'चं काय करायचं?

११ मार्च, मंगळवार

वाचलं नाही. तिने उशाशी दोन नवीन पुस्तकं ठेवलीत. राग आहे तर आणते कशाला?

दुपारी व्यायाम करताना फिजिओने विचारलं, घरी सगळे बरे ना? मी म्हटलं, बरे. आणि एकदम ते टिंग टिंग आठवलं. चालकाने पट्टा लावलाय आणि तरी वाजतंय, म्हणजे शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याने लावलेला नाही. हे मी पहिल्या दिवशी शिकवते. कुणालाही झोपेतून उठवून विचारा. आणि मी त्याला सेन्सर दाखवून घे सांगत बसले!

मी बोलत असताना ती बाई शेजारी बसून ऐकत होती. मग तिने गुपचूप पट्टा लावला.

व्यायाम अर्ध्यावर सोडला. त्याला फोन केला. "रविवारी ये. स्लॅब, पूल, नदी काही सांगू नकोस. ये." तर म्हणाला, "तिने सांगितलं का?" पहिलं वाक्य हे. आई, तू कशी आहेस, हे नाही.

१६ मार्च, रविवार

आला. सफरचंदं घेऊन आला, जसं आजाऱ्याला बघायला शेजारी येतात. सून टेबलावर कानाला हेडफोन लावून काम करत बसली होती. मी मुद्दामच तिला आत जा म्हटलं नाही.

त्याला समोर बसवलं. आधी बरंच काही बोलला. जमत नव्हतं, खूप प्रयत्न केला, कुणाची चूक नाही, तू शांत हो, तुझ्या तब्येतीला हे चांगलं नाही. मी म्हटलं, "पाय मोडलाय, डोकं नाही. तू मला का सांगितलं नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"आणि तिला त्रास होत नव्हता? तू वेगळा होणार, आणि तुझ्या आईचं बेडपॅन तिने उचलायचं?"

"मी तिला म्हणालो होतो की बाई ठेवू या. तीच नको म्हणाली."

मी टेबलाकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.

मग तो जे बोलला ते मला तसंच्या तसं आठवतंय. "आई, तुला तरी ती कुठे आवडत होती? दर शनिवारी तूच सांगायचीस. चहा पाणचट, घरात पाहुण्यासारखी वावरते, हसत नाही. मी तिला म्हणालोच होतो, आईचंही तुझ्याबद्दल काही वेगळं मत नाही."

"हो," टेबलावरून आवाज आला. हेडफोन गळ्यात होते. कधी काढले कोण जाणे. "म्हणाला होता."

मी इथे पडल्या पडल्या चहाला नावं ठेवत होते, आणि हा त्याची एकेक वीट करून स्वतःला बाहेर पडायला पायरी बांधत होता.

मी म्हटलं, "माझं तोंड वाईट आहे. जन्मापासून आहे. पण ते माझं आहे, मी चालवते. मी तिला नावं ठेवली ती तिच्या तोंडावर. तुला जायचं होतं तर स्वतःच्या पायाने जायचंस. माझ्या जिभेवर बसून नाही."

"आई, हळू बोल, शेजारी—"

"शेजाऱ्यांना मी गाडी शिकवलीय. त्यांना सवय आहे."

तो रडायला लागला. खरंच रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मला त्याची दया आली. लिहायला लाज वाटते, पण आली. पोटचा आहे. हात पुढे केला नाही मात्र. त्याला सांगितलं, तिच्या आईवडलांना तू स्वतः जाऊन सांगायचं, तिच्याकडून निरोप पाठवायचा नाही. माझ्या बहिणीलाही तूच सांगायचं. आणि मला फोन करशील तेव्हा गाडीत बसून करायचा नाही.

गेला. सफरचंदं राहिली. सून उठली, त्यातलं एक धुऊन खायला लागली. मला विचारलंसुद्धा नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज तिला विचारलं, "बाई ठेवायला नको का म्हणालीस?"

ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तुम्ही बाईला पहिल्याच दिवशी पळवून लावलं असतं. मग परत माझ्यावरच."

"एवढंच?"

"एवढंच." मग थोड्या वेळाने, "आणि घरात कुणाचा तरी आवाज होता. कसलाही का असेना."

'कसलाही'! मी चहा मागितला. पाणचटच होता. प्यायले.

२० मार्च, गुरुवार

भांडण झालं. बरं वाटलं.

तिला प्रकाशकाच्या ऑफिसजवळ खोली मिळतेय. पण म्हणते, "तुम्ही जिना चढायला लागेपर्यंत थांबते." मी म्हटलं, मला कुणाचे उपकार नकोत. ती म्हणाली, उपकार नाहीत, सुरू केलेलं काम आहे. मी म्हटलं, मी काम आहे? ती म्हणाली, "हो! आणि अतिशय कटकटीचं!" पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. चढला की चांगला खणखणीत आहे. इतकी वर्षं कुठे ठेवला होता?

मग मी ठरवलं. जोवर मी इथे आहे तोवर ही इथे अडकलेली. म्हणजे मीच आधी हलायला हवं. फिजिओला सांगितलं, मला व्यायाम नको, जिना शिकव. ती म्हणाली, घाई होईल. मी म्हटलं, मी लोकांना याहून कमी वेळात घाट चढायला शिकवलंय.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना मोडका आधी. कुबडी मोडक्या पायाबरोबर. दिवसभर तेच घोकतेय.

३० मार्च, रविवार

घरी आले. माझ्या.

चिरंजीव उचलून नेतो म्हणत होते. मी नको म्हटलं. सून माझ्या मागे एक पायरी सोडून चढत होती, दोन्ही हात पुढे करून, धरायला नाही, नुसते तयार. मी म्हटलं, "मी पडले तर तुला घेऊनच पडेन, बाजूला हो." ती म्हणाली, "तुम्ही पायऱ्या बघा." पहिल्या मजल्यावर बसावं लागलं. घाम फुटला होता. तिने पाण्याची बाटली दिली. त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "या बाटलीचं झाकण गळतंय."

तिने आत सामान लावलं, औषधं दाखवली, गेली. दारात वाकून नमस्कार वगैरे केला नाही. बरं झालं, मला काय म्हणावं सुचलं नसतं.

९ एप्रिल, बुधवार

एका बाईला कामाला ठेवलंय. अजून टिकलीय.

कॉमिक वाचलं, दुकानातून मागवलेलं. चोरांची टोळी, बँक लुटतात. सगळे चोर एकसारखे काढलेत, कोण मेलं कोण जिवंत काही पत्ता लागत नाही. पळून जायची गाडी इंजिन बंद करून उभी ठेवलीय! चोरांना एवढं कळू नये? हसून हसून पाय दुखला. हे कुणाला तरी सांगायला पाहिजे म्हणून हाक मारली. आतून कामवाल्या बाई म्हणाल्या, "काय झालं, बाई?" त्यांना काय सांगणार?

वही काढून लिहितेय. पण वही उलट बोलत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

फोन केला तिला. आधी म्हटलं, माझा चहाचा मग तुझ्याकडे राहिलाय का? नव्हता राहिला. मग चोरांचं सांगितलं. ती म्हणाली, ते तिच्या प्रकाशकाचंच आहे, फुगेही तिनेच भरलेत, आणि चोर एकसारखे आहेत कारण ते भाऊ आहेत, दुसऱ्याच पानावर लिहिलंय. मी म्हटलं, अक्षर बारीक होतं. ती म्हणाली, चष्मा लावा. मी म्हटलं, गाडी बंद ठेवण्याचं काय? त्यावर म्हणाली, "ते मात्र खरं आहे. मी सांगते त्यांना."

बराच वेळ भांडलो. शेवटी तिने विचारलं, "पाय?" मी म्हटलं, "आहे."

चिरंजीवांचाही फोन येतो, घरून. मागे मुलीचा आवाज असतो. मी विचारत नाही, तो सांगत नाही. जेवलास का, एवढं विचारते.

२७ एप्रिल, रविवार

सून आली होती. अजून सूनच म्हणतेय, दुसरं काय म्हणायचं ठरलेलं नाही. काठीने चालते हे दाखवलं. "वेग कमी करा," म्हणाली. मला!

बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवून दुसरीकडेच बघत बसली. पेन्सिलने काढलेली चित्रं. चौकटी, फुगे. मी म्हटलं, कुणाचं हे? म्हणाली, माझं. चित्रं तिला येतात हे मला आजवर माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"प्रकाशकाला दाखवायच्या आधी तुम्ही वाचा."

"मी? मला कुठलंच आवडत नाही."

"म्हणूनच."

चष्मा लावला आणि वाचलं. ती समोर बसून नखं खात होती. एक बाई, तिचा नवरा, पलंगावर पडलेली सासू. नवऱ्याला चेहरा आहे या वेळी, आणि तो बोलतोसुद्धा. त्याचं म्हणणं आहे. एका चौकटीत तो पायऱ्यांवर एकटाच बसलाय, ते बघवलं नाही, पुढचं पान उलटलं. हात मात्र तिला काढता येत नाहीत, सगळ्यांची बोटं वांग्यासारखी. घरातल्या वस्तू सरळ उभ्या नाहीत. तेवढं सांगितलं. ती लिहून घेत होती. कुणी माझं बोलणं कधी लिहून घेतलेलं नाही, म्हणून जरा जपून बोलले असेन.

मग सासूवर आले. सासू उशीला टेकून पुस्तक वाचते, सुनेकडे प्रेमाने बघते, एका पानावर तर तिच्या डोक्यावरून हात फिरवते.

"ही कोण?" मी विचारलं.

"सासू आहे."

"ते दिसतंय. पण इतकी समजूतदार बाई मी जन्मात पाहिलेली नाही. वाचणारा म्हणेल, अशी सासू घरात असताना सुनेला रडायला झालं काय? सगळी गोष्ट खोटी पडते तिच्यामुळे. काढून टाक, नाहीतर खरी कर."

तिने कागद गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि माझ्याकडे बघितलं. हसली. बहुतेक हसलीच.

"खरी केली तर लोक म्हणतील, अतिशयोक्ती आहे."

मी म्हटलं, "लोकांना काय कळतंय? तू कर."